कागद तुमच्या दप्तरात, पुरावा आम्ही द्यायचा!

पहिलाच सवाल विचारतो. गावातला महार कोण, हे ठरवायला आजवर कधी कोणी कागद मागितला होता काय?

पाणवठ्यावर आमच्या मायबहिणींना हाटकलं ते जातीचा दाखला तपासून हाटकलं नाही. शाळेच्या ओट्याखाली पोरांना बसवणाऱ्या मास्तरानं वंशावळ मागितली नाही. मेलेलं ढोर ओढायला बोलावताना पाटलानं आमच्या आज्याला तीन पिढ्यांचा पुरावा आण म्हटलं नाही. अंबादेवीच्या देवळात जाऊ द्या म्हणून 1927 साली वऱ्हाडातली अस्पृश्य माणसं अमरावतीला जमली, परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. तेव्हा देवळाच्या पंचांनी कोणाचं सर्टिफिकेट पाहून दार लावलं? माणूस पाहिला की जात कळत होती. बिनकागदाची, बिनशिक्क्याची, आणि कधी चूक न होणारी!

आणि आज?

आज आमच्या पोरीला कॉलेजात जागा पाहिजे असली तर तिनं सिद्ध करायचं आहे की तिचा पणजा महार होता. ज्या शब्दानं त्याला जन्मभर हिणवलं, तोच शब्द शाईनं लिहिलेला, 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, सरकारी शिक्क्याच्या नकलेसह आणायचा. नाही सापडला तर ती महारही नाही, बौद्धही नाही. फक्त अर्ज नाकारलेली उमेदवार.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पुतणीचं झालं ते सांगतो. तिच्या एकटीचं असतं तर हे पान खर्ची घातलं नसतं. अकोला-अमरावतीकडच्या ज्या बौद्ध वस्तीत जाल तिथं अशी एक फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली सापडेल.

पुतणी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. नर्सिंगला जायचं होतं. एक दिवस म्हणाली, "मोठे बाबा, व्हॅलिडिटी पाहिजे म्हणतात. वंशावळीचं शपथपत्र द्या लागते, आन् पन्नासच्या आधीचा पुरावा."

मी म्हटलं, त्यात काय एवढं. माझ्या वेळी तहसीलदाराच्या दाखल्यावर भागलं होतं. पण काळ बदलला. 1994 साली सर्वोच्च न्यायालयानं माधुरी पाटील खटल्यात जात तपासणाऱ्या समित्यांची रीत घालून दिली. महाराष्ट्रानं जात प्रमाणपत्राचा कायदा केला, तो 18 ऑक्टोबर 2001 पासून लागू आहे. त्या कायद्याचं आठवं कलम वाचा. जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर! चोरीचा आरोप असलेल्या माणसाचा गुन्हा सरकारला सिद्ध करावा लागतो. आमच्या अठरा वर्षांच्या पोरीला मात्र स्वतःचा जन्म सिद्ध करावा लागतो.

घरात कागद शोधायला बसलो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध'. धाकट्या भावाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. काकाचं नाव शाळेत पडलं ते 1957 साली, नागपूरच्या दीक्षेनंतर दुसऱ्याच वर्षी. दाखल-खारीज रजिस्टरात त्याच्याही नावापुढं ठसठशीत अक्षरात 'बौद्ध'. आमच्या आज्यानं स्वतः मास्तरापुढं उभं राहून लिहायला लावलं होतं. घरात ही गोष्ट अभिमानानं सांगतात. आज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, तर त्यानं दुसऱ्या एका माणसाला बोलावून वाचून घेतलं, की मास्तरानं तेच लिहिलं ना. आणि बाबा? बाबांना शाळाच नाही. ते जिनिंगमध्ये कापसाचे बोदरे उचलत मोठे झाले.

म्हणजे बघा. 14 ऑक्टोबर 1956 च्या नंतर आमच्या घरात 'महार' शब्द नाही, कारण आम्ही तो टाकला. आणि त्याच्या आधी कागदच नाही, कारण तुम्ही आम्हाला शाळेत घेतलं नाही. दोन्हीकडून कोंडी. आज्यानं जे मोठ्या हिमतीनं लिहून घेतलं, तेच नातीच्या वाटेत आडवं आलं. महाराष्ट्र राज्यानं 1960 साली बौद्धांच्या सवलती मान्य केल्या. दिल्लीच्या सरकारला तेवढ्यासाठी 1990 उजाडावं लागलं. पण सवलत मान्य झाली तरी कागद मागणाऱ्याला 'बौद्ध' हा शब्द पुरत नाही. बुद्धाच्या मागं कोण उभा आहे ते दाखवा, म्हणतो. गाडलेला महार उकरून आणा, म्हणतो.

मग शोध सुरू झाला.

शेतीचा कागद? पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव. शिवार मोठं, पण आज्याच्या नावानं एक गुंठाही नव्हता. ज्याला जमीन नाही त्याचं नाव हक्कनोंदीत कशाला येईल? सातबारा हा जमीनवाल्याचा जन्मदाखला आहे. भूमिहीनाचा नाही.

देवाधर्माचा कागद? इथं थोडं थांबतो, कारण ह्यात मोठी मेख आहे. वऱ्हाडातल्या कुठल्याही वाड्यातल्या देशपांड्याला, देशमुखाला विचारा. वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला, त्र्यंबकेश्वराला गेला की तीर्थोपाध्याय वही उघडतो. आजा कधी आला होता, पणजा कधी आला होता, सोबत कोण होतं, सारं त्यात लिहिलेलं. काशीला, गयेला तीच गोष्ट. पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ भटजीच्या घरात लाल कापडात बांधून ठेवलेली. आमचं नाव त्या वहीत कसं येणार? त्याच नाशकात 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आमच्या माणसांच्या वाट्याला दगड आले. ज्यांना देवळाची पायरी नाही त्यांना वहीचं पान कुठलं?

आमच्यातल्या एका घराची वंशावळ मात्र सहाशे-सातशे वर्षं टिकली. चोखामेळ्याची. बुलढाण्याच्या मेहुण्याचा म्हणून वऱ्हाड त्याला आपला मानतं. चोखा, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, पोरगा कर्ममेळा. एका महार घरातली पाच माणसं, नावानिशी. ही नावं कुठल्या पटवाऱ्यानं नोंदवली नाहीत. त्यांनी स्वतः अभंग रचले आणि अभंगात आपापली नावं घातली म्हणून उरली. 1338 साली मंगळवेढ्याला वेशीच्या कामावर भिंत कोसळून चोखा मेला असं परंपरा सांगते. त्याच्याबरोबर त्या ढिगाऱ्याखाली जे मजूर मेले, त्यातल्या एकाचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे काय? त्यांनी अभंग लिहिले नाहीत. आमचा आजा त्यांच्यातला.

मग घरची बुढी उरली. माझी माय. पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिला विचारलं तर ती पाटावर बसल्या बसल्या चार पिढ्या बोलली. कोण कुठल्या गावची लेक, कोण कुठं दिली, कोण पटकीत गेला, कोणाचा पाय जिनिंगच्या पट्ट्यात आला, कोण बडनेऱ्याच्या गिरणीत लागला आणि परत आला नाही. सारं तोंडपाठ. मी तिला घेऊन तहसिलीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच. बुढी टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "मले सारं मालूम हाय बाबू. मी सांगतो, तू लिहून घे ना."

तो म्हणाला, "आजी, तोंडी चालत नाही."

टेबलामागचा माणूस आपलाच होता. खिशाला निळा पेन, भिंतीवर बाबासाहेब. त्यानं बुढीला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, मले का समजत नाई? पण नियमात तोंडी पुराव्याले जागा नाई. मी बांधलेला हावो." त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या नियमावर.

कारण ह्या मुलखात एक काळ असा होता, की महाराची तोंडी साक्ष हाच शेवटचा पुरावा होता! शिवेचं भांडण लागलं, दोन गावांचे पाटील काठ्या घेऊन उभे राहिले, की महाराला बोलावत. गावची हद्द कुठून कुठं जाते हे त्याला माहीत. तो चालेल ती शीव, तो सांगेल तो धुरा. हजारो एकर जमीन महाराच्या जिभेवर तोलली जायची. मेलेल्याची वर्दी दहा कोस चालत जाऊन सोयऱ्यांना द्यायची ती महारानं. म्हणजे साऱ्या गावाचे सोयरेधायरे त्याला पाठ. सरकारी सारा पोचवायचा त्यानं. गावाचं चालतंबोलतं दप्तर म्हणजे महार. दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीसाठी त्याची जबान खरी होती. आज त्याच्या सुनेनं आपल्याच सासऱ्याचं नाव सांगितलं तर ते खोटं? जबान तीच आहे. बदललं ते एवढंच, की तेव्हा त्या जबानीनं जमीनवाल्याचा फायदा होत होता, आणि आता आमचा होणार आहे.

शेवटी कोणीतरी सांगितलं, कोतवाल बुक काढा.

नव्या पोरांसाठी सांगतो. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, आणि पुढं इंग्रजी अमलात गावोगाव जन्ममृत्यूची नोंद सुरू झाली. माणसांच्या मायेपोटी नाही. पटकी किती मारते, देवी किती मारते, दुष्काळात किती गेले, हा हिशेब सरकारला पाहिजे होता. त्या रजिस्टराला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मेला असेल तर वय आणि कशानं मेला. बस. नव्या जन्मलेल्या लेकराला नाव नसायचं, आणि आईचं नाव तर बहुतेक नसायचंच. अमका वल्द तमका, जात महार, एक मुलगी. ह्या बुकांचे बस्ते आज तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये पडले आहेत. काही उधईनं खाल्ले, काही पावसानं. वऱ्हाड 1950 साली मध्य प्रदेशात होतं, 1956 ला मुंबई राज्यात आलं, 1960 ला महाराष्ट्रात. 1998 ला अकोल्यातून वाशीम वेगळा निघाला. दर वेळी दप्तरं हलली. आज्याचं सासरघर पैनगंगेपलीकडचं असेल तर तिकडची जुनी कागदं निजामाच्या उर्दूत. गरिबानं काय काय वाचायचं? मोडी, उर्दू, की इंग्रजी?

अर्जनवीसाकडून अर्ज लिहिला, कोर्ट फी लावली, महिनाभर चकरा मारल्या. 1918 च्या मानमोडीच्या तापाचं बुक पाहिलं. मेलेल्यांच्या नोंदी इतक्या की लिहिणाऱ्याचं अक्षर बदललेलं दिसलं. पण आमचं घर नाही. पणज्याची जन्मनोंद नाही. आज्याची नाही. बाबांच्या जन्माच्या सालचं बुकच नाही.

मग एके दुपारी 1943 च्या मृत्यूच्या पानावर बोट थांबलं. आज्याचं नाव. एकेरी, शेवटी 'या' लावून, जसं गावात हाक मारत तसंच. वल्द पणज्याचं नाव. तेही एकेरी. जात महार. एक मुलगी. वय 2 वर्षं. ताप.

घरी येऊन बुढीला सांगितलं. ती गप्प बसली. मग म्हणाली, "माह्या सासूनं सांगतलं व्हतं. तुह्या बापाच्या पाठची पोट्टी. तापात गेली. जागलीवरून तुह्या आज्याले येऊ देल्लं नाई पाटलानं. आला तवा पोट्टी गारठली व्हती." मी विचारलं, नाव काय होतं तिचं? बुढीला नाव माहीत नव्हतं. सासू नाव घेत नव्हती, रडायची फक्त.

ही आमची आत्या. दोन वर्षं जगली. तिच्या जन्माची नोंद आम्हाला सापडली नाही, नाव कुठंच लिहिलेलं नाही. ती मेली म्हणून आज्याचं नाव सरकारी पानावर आलं. त्या एका ओळीवर माझ्या पुतणीची वैधता उभी राहिली. तीही लगेच नाही. बुकात आज्याचं नाव एकेरी, काकाच्या दाखल्यात 'जी' लावलेलं. दोन्ही एकच माणूस कशावरून, हा आक्षेप आला. माणसाला माणसासारखं हाक मारली नाही हा गुन्हा लिहिणाऱ्याचा, शपथपत्र मात्र आम्ही करायचं! वैधता आली तोवर प्रवेशाची तारीख गेली होती. पोरीचं एक वर्ष बुडालं. दुसऱ्या वर्षी ती गेली. ज्यांना असं मेलेलं लेकरू कागदावर सापडलं नाही, त्यांच्या पोरी कुठं गेल्या, हे मला विचारू नका.

मित्रांनो, जगात आपण एकटे नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांना आपला आजा-पणजा शोधायचा असला तर ते 1870 पाशी अडतात. त्यांच्यात त्याला भिंतच म्हणतात. कारण तिथं 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या. यादीत मालकाचं नाव. त्याच्याखाली गुलामाचं वय, लिंग, रंग. नाव नाही. गुलामगिरी 1865 साली कायद्यानं संपली, आणि 1870 ला पहिल्यांदा त्या सगळ्यांची नावं जनगणनेत आली. त्याच्या मागं जायचं तर मालकाच्या कागदात शोधावं लागतं. मृत्युपत्रात, विक्रीखतात, जिथं माणसाची किंमत घोड्याच्या आणि नांगराच्या किमतीशेजारी लिहिलेली असते. अलेक्स हेलीचं 'रूट्स' 1976 साली आलं आणि त्या शोधाचं वेड घराघरात शिरलं. आपल्या पोरांनी 1972 साली दलित पँथर काढली तेव्हा नाव तिकडच्याच ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. दुखणं ओळखीचं होतं म्हणून. वय 2, मुलगी, ताप, नाव नाही. ही ओळ मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यातलीही असू शकते. कापूस तिथंही होता, इथंही होता.

पण एक फरक सांगतो, आणि तो आपल्या सरकारच्या तोंडावर सांगतो. तिथं जनगणनेची मूळ पानं 72 वर्षांनी लोकांना खुली करतात. 1950 सालची पानं 1 एप्रिल 2022 ला खुली झाली. कोणीही आपल्या आज्याचं नाव टाकावं आणि पाहावं. गुलामीचा पैसा खाल्लेल्या देशानं निदान एवढं केलं. आपल्याकडे? 1948 च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम म्हणतं, जनगणनेची नोंद कोणाला पाहता येणार नाही आणि पुरावा म्हणूनही चालणार नाही. सरकारी माणूस आमच्या झोपडीच्या दारात आला, जात विचारून लिहून घेऊन गेला. आम्ही सांगितलेलं त्यानं खरं धरलं, त्यावर आकडे बांधले, मतदारसंघ राखीव केले. आणि आमच्या पोरीनं तेच कागद मागितले तर ते दाखवायचे नाहीत, दाखवले तरी पुरावा नाही!

कोणी म्हणेल, जुने कागद शोधणं फार कठीण काम आहे, सरकार कुठं कुठं पुरेल? खोटं! मनात आणलं की सरकार पुरतं. 2023 साली मराठा-कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जिल्ह्याजिल्ह्यात बस्ते सोडले. मोडी वाचणारे शोधून आणले. पानं स्कॅन केली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली. लाखो नोंदी निघाल्या. गरीब मराठ्याच्या पोराला कागद मिळाला ह्याचं मला वाईट वाटत नाही. कर्जानं फास घेतलेला त्याचा बाप माझ्याच शिवारातला होता. पण मला एवढंच सांगा: ते कोतवाल बुक उघडलं, कुणब्याची ओळ टिपून घेतली, तेव्हा त्याच पानावर खालच्या ओळीत महार होता की नाही? मांग होता, चांभार होता, भंगी होता की नाही? बुक तेच. पान तेच. कारकुनाचं बोट आमच्या ओळीवरून पुढं सरकलं. ती ओळ टिपायला अजून किती शाई लागली असती?

दुसरा आक्षेप. तपासणी नसेल तर बोगस घुसतील. खरं आहे. बोगसांनी आमच्या, त्याहून जास्त आदिवासींच्या जागा खाल्ल्या. तपासणी पाहिजेच. मेळघाटातल्या कोरकूच्या पोराची जागा दुसऱ्यानं पळवू नये म्हणून ती पाहिजे. पण पळवणाऱ्याचं काय झालं? 2017 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दावा खोटा ठरला की त्यावर मिळालेली नोकरीही जाते. आणि डिसेंबर 2019 मध्ये राज्य सरकारनं काय केलं? ज्यांचे दावे अवैध ठरले त्यांना घरी पाठवायच्या ऐवजी अधिसंख्य पदं तयार करून त्यांच्यावर नेऊन बसवलं. म्हणजे दावा बुडालेल्याला पगार, आणि खऱ्याला चकरा! चाळणी लावली ती चोरासाठी, आणि तिच्यात अडकतो तो भूमिहीन. बोगस माणसाकडे कागदांची कमी नसते, तो कागद बनवतोच. कागद नसतो तो खऱ्याकडे.

आता थोडं आपल्याच घरात. कडू लागेल, पण बोललं पाहिजे. आपल्यात जे शिकले, साहेब झाले, शहरात फ्लॅट घेऊन राहिले, त्यांच्या कपाटात वैधता आहे, वंशावळ आहे, नकला आहेत. गावातला चुलतभाऊ झेरॉक्स मागायला गेला तर म्हणतात, सापडत नाही, पुढच्या रविवारी ये. काहींना भीती, की आपलं नाव त्याच्या फाईलमध्ये गेलं तर आपली फाईल उघडेल. काहींना शरम, की सोसायटीत कळेल. अरे, मुंबई उच्च न्यायालयानं 2010 साली सांगून ठेवलं आहे, की बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला नीट तपासून वैधता मिळालेली असेल तर त्याच आधारावर दुसऱ्याला देता येते. तुझ्या कपाटातला एक कागद गावातली दहा पोरं तारतो. तो दाबून ठेवणारा आणि बुक दाबून ठेवणारा, ह्यात मी फरक करत नाही.

आणि आपल्या वंशावळीतही बाया कुठं आहेत? शपथपत्राच्या झाडाला फांद्या फक्त बापाच्या. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या लेकराच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णय सरकारनं केला. चांगलं केलं. पण जात शोधायला निघालो की पुन्हा बाप, आजा, पणजा. ज्या बुढीनं चार पिढ्या डोक्यात सांभाळल्या तिचंच नाव त्या झाडावर नाही. 1943 च्या त्या पोरीसारखंच.

म्हणून मागणं सरळ आहे. मेहेरबानी नको.

एक, कोतवाल बुकं, दाखल-खारीज रजिस्टरं, जन्ममृत्यूची जुनी पानं, पन्नासच्या आधीची सगळी, सगळ्या जातींची, सरकारनं स्वतः वाचून, गाववार यादी करून लोकांपुढं ठेवावीत. शिंदे समितीच्या कामासाठी उघडलेले बस्ते पुन्हा बांधू नका. दोन, ज्या सालचं बुक उधईनं खाल्लं ते साल सरकारच्या खात्यावर मांडा, अर्जदाराच्या नाही. कागद सांभाळणं तुमचं काम होतं. तीन, गावातल्या म्हाताऱ्या माणसांची जबानी रीतसर घ्या, लिहा आणि पुरावा म्हणून धरा. शिवेसाठी चालली ती वंशासाठीही चालेल. चार, तुमच्या उशिरामुळं कोणत्याही पोरीचा प्रवेश रद्द होता कामा नये.

आणि सरकार करेल तेव्हा करेल, आपण आज काय करायचं? हा अंक मिटला की एक कोरा कागद घ्या. घरात जी सगळ्यात म्हातारी बाई आहे तिच्याजवळ बसा. ती सांगेल ते लिहा. आज्याचं नाव, आजीचं नाव, आजीचं माहेर, कोण कुठल्या साली कुठल्या तापात गेलं, कोण कुठल्या गिरणीत लागला, कोणाच्या वाड्यावर कोण राबला. मेलेली लेकरंही लिहा, नावासकट. नाव आठवत नसेल तर तसं लिहा, की नाव आठवत नाही. तारीख घाला, दोघांच्या सह्या-अंगठे घ्या. एक प्रत घरात, एक विहारात ठेवा. गावातल्या तीस घरांनी हे केलं तर ती आमची वही होईल. ती नाशिकच्या पंड्याच्या घरात नसेल, तहसिलीच्या अंधारात नसेल. आमच्याजवळ असेल.

आमच्या वहीचं पहिलं पान मी लिहिलं आहे. पहिल्या ओळीत पणजा नाही, आजा नाही. 1943 साली तापात गेलेली, दोन वर्षांची एक मुलगी आहे. नावाची जागा रिकामी ठेवली आहे. बुढीला अजून आठवलं तर भरीन.

जयभीम.